‘जळजळ’ की ‘आग’? मुंबईतल्या एका वेदना-प्रश्नावलीचं मराठीकरण : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी वेदना-उपचारांची ओपीडी चालते. हे प्रकरण तिथलं. रुग्णालयाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे बारकावेही बदलले आहेत. शब्द मात्र ऐकले तसेच ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण शब्दांचंच आहे.

या ओपीडीत येणारे बहुतेक जण तीन-चार दवाखाने पालथे घालून आलेले असतात. कुणाच्या मधुमेहानं पायांच्या नसा बिघडवलेल्या, कुणाची नागीण सुकून महिने लोटले तरी बरगडीला कपडा लागू देत नाही, कुणाची कमरेतली गादी सरकलेली, कुणाला केमो संपल्यावर स्वतःचीच बोटं परकी वाटायला लागलेली. डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न असतो, की हे दुखणं सांध्या-स्नायूंचं आहे की नसेचं? उपचार त्यावर ठरतात. नसेचं दुखणं नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना फारशी दाद देत नाही; तिथे प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळीच औषधं लागतात.

आणि दुखणं मोजायला थर्मामीटर नाही. ते कसं दुखतं, हे माणूस सांगतो त्यावरून बरंचसं निदान होतं. म्हणून तर प्रश्नावल्या आल्या. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत दुखण्याचं वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडलेले आहेत. फ्रान्समध्ये तयार होऊन २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘डीएन-४’ खास नसेच्या दुखण्यासाठी आहे : १० बाबी, त्यांतल्या चार किंवा अधिक जुळल्या तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता मोठी. त्या दहांतल्या सात बाबी रुग्णाला विचारून भरायच्या असतात.

रुग्णालयानं याच धर्तीवर स्वतःच्या वापरासाठी बारा प्रश्नांचा एक पानी फॉर्म इंग्रजीत केला. एका भाषांतर संस्थेकडून त्याचं मराठी करून घेतलं. मग रीतीप्रमाणे दुसऱ्या भाषांतरकारानं, मूळ न पाहता, ते मराठी पुन्हा इंग्रजीत नेलं. ही उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखापासून सगळीकडे रुळलेली आहे. परत आलेलं इंग्रजी मुळाशी तंतोतंत जुळलं. फॉर्म छापून आला.

अडचण

मला बोलावणं आलं ते शुद्धलेखन तपासायला. एका रुग्णाच्या मुलानं तक्रार केली होती, की फॉर्म वाचता येत नाही. औषधांची माहितीपत्रकं मराठीत करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तासाभराचं काम समजून गेले.

पहिलाच प्रश्न होता : ‘आपणांस ज्वलनकारी वेदना जाणवते काय?’ त्याखाली ‘स्पंदनात्मक वेदना’, ‘वेदनादायक शीतलता’, ‘विद्युतधक्क्यासमान वेदना’. ऱ्हस्व-दीर्घ सगळे बरोबर. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पण ओपीडीतल्या निवासी डॉक्टर भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा दाखवताना सहज म्हणाल्या, ‘मंगळवार-शनिवारचे फॉर्म नीट भरलेले असतात. गुरुवारचे निम्मे कोरे, नाहीतर सगळीकडे नाही.’ गुरुवारी फॉर्म भरून घेणारा मुलगा नवा होता, तो टंगळमंगळ करतो असा सगळ्यांचा समज होता.

शनिवारी मी बाकावर बसून पाहिलं. त्या दिवशी फॉर्म भरून घ्यायला मावशी होत्या. वीसेक वर्षं या रुग्णालयात आया म्हणून काम केलेल्या. त्यांनी फॉर्म हातात घेतला, प्रश्नावर बोट ठेवलं, ओठांतल्या ओठांत वाचला आणि समोरच्या आजींना विचारलं, ‘आजी, पायाची आग होते का? गार पाण्यात पाय घालून बसावंसं वाटतं?’ आजी म्हणाल्या, ‘अगं, रात्रभर.’ मावशींनी ‘होय’वर खूण केली.

मग मी गुरुवारी गेले. तो मुलगा आळशी नव्हता, उलट प्रामाणिक होता. छापलेलं होतं तेच, तसंच, स्पष्ट आवाजात वाचत होता. ‘बधिरता जाणवते काय?’ एका आजोबांनी कानाजवळ हात नेला आणि म्हणाले, ‘नाही, ऐकू चांगलं येतं मला.’ दात काढताना जागा बधिर केलेल्यांना तो शब्द कळायचा. बाकीच्यांना ‘मूकबधिर’ आठवायचं.

म्हणजे काय घडत होतं? मंगळवारी आणि शनिवारी रुग्णालय फॉर्म वापरतच नव्हतं, मावशींना वापरत होतं. फॉर्म चालतो असं डॉक्टरांना वाटत होतं ते मावशींमुळे.

याची किंमत एका शिंपीकाकांनी मोजली होती. धारावीत पायमशीनवर काम करणारे. त्यांचा फॉर्म गुरुवारचा. ज्वलनकारी नाही, शीतलता नाही, बधिरता नाही. गुण कमी पडले, दुखणं स्नायूंचं ठरलं, नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी ते तसेच परत आले. तेव्हा मावशींशी बोलताना कळलं, की हे काका रात्री तळपाय भिंतीला टेकवून झोपतात आणि दिवसा मशीनच्या पायट्यावर ओलं फडकं घालून त्यावर पाय ठेवतात. ‘तळपायाची आग आग होते हो,’ असं ते म्हणाले. त्यांच्या दोन महिन्यांच्या झोपमोडीला एक शब्द कारण होता, यापलीकडे मला काही सांगायचं नाही. मधुमेहाच्या तपासण्या त्याच आठवड्यात झाल्या आणि औषध बदललं.

समोरचे पर्याय

विभागप्रमुख, निवासी डॉक्टर, मावशी आणि मी असे चौघं बसलो. मावशींना बैठकीत बसवावं हा आग्रह निवासी डॉक्टरांचा, आणि तो फार मोलाचा ठरला.

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त होता : शब्द सोपे करायचे. ‘ज्वलनकारी वेदना’च्या जागी ‘जळजळ’, ‘शीतलता’च्या जागी ‘थंडी’. अर्ध्या दिवसाचं काम. प्रमुखांचा कल इकडे होता.

दुसरा : मराठी फॉर्म बाजूला ठेवून सगळ्यांना हिंदीतून विचारायचं. मुंबईत हे आपोआप घडतंच. पण बाकावर बसून मी ऐकलं होतं, की हिंदीत बोलणारी मराठी माणसं ‘बहुत दुखता है’वर थांबतात, आणि पुढे सांगायची वेळ आली की ‘पैर में मुंग्या आते है’ म्हणतात. शब्द शेवटी घरचाच येतो. शिवाय हिंदीची ‘जलन’ मत्सरापर्यंत जाते, आणि हिंदीतली ‘टीस’ ही आपली ‘कळ’ की ‘सल’, हे ठरवायला पुन्हा बसावं लागलं असतं.

तिसरा : मावशींनाच तिन्ही दिवस बसवायचं. यावर मावशीच म्हणाल्या, ‘मी रजेवर गेले की?’ आणि दुसरी अडचण त्यांच्या लक्षात आली नव्हती, ती मी मांडली : मावशींच्या प्रश्नात ‘गार पाण्यात पाय घालावेसे वाटतात का’ ही भर फॉर्ममध्ये नव्हतीच. ती भर उत्तम होती. पण उद्या दुसऱ्या मावशी दुसरी भर घालतील आणि मग दोन रुग्णांची उत्तरं एकमेकांशेजारी ठेवता येणार नाहीत.

चौथा : रुग्ण आपणहून कोणते शब्द वापरतात ते आधी गोळा करायचं आणि त्यांतून फॉर्म नव्यानं बांधायचा. वेळखाऊ, पण फिन्निश भाषेत वेदनेची प्रश्नावली करणाऱ्यांनी हाच मार्ग धरला होता : इंग्रजी यादीचं भाषांतर करण्याऐवजी आपल्या भाषेतले दुखण्याचे शब्द मुळातून जमवले होते.

प्रमुखांनी चौथ्याला दोन आठवडे दिले. अट एकच, की प्रश्न बाराच राहतील आणि गुण देण्याची पद्धत बदलणार नाही.

काय केलं

सहा सकाळी मी बाकावर वही घेऊन बसले. रुग्णाची परवानगी घेऊन एकच विचारायचं : ‘काय होतं, कसं होतं?’ आणि गप्प राहायचं. आपण शब्द पुरवायचा नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. समोरचा अडखळला की जिभेवर शब्द येतो.

वही भरत गेली. लालबागचे निवृत्त गिरणी कामगार, मस्जिद बंदरला माल उचलणारे साताऱ्याकडचे माथाडी, वेंगुर्ल्याहून मुलाकडे आलेल्या ‘दुकता’ म्हणणाऱ्या काकी, बदलापूरहून पहिल्या लोकलनं आलेल्या शिक्षिका. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, उसण, तिडीक, रग, ओढ, पेटका, गोळा, मुरडा, चुरचुर, भगभग, हुळहुळ, मुंग्या, झिणझिण्या. एकानंही ‘वेदना’ हा शब्द वापरला नाही. बोलत्या मराठीत ‘वेदना’ मनाच्या असतात, अंगाचं असतं ते दुखतं. आणि ‘दुखणं’ हे नाम म्हणून घेतलं तर त्याचा अर्थ आजारपणाकडे झुकतो : ‘तीन महिने दुखणं काढलं.’

तीन गोष्टी वहीतून वर आल्या, ज्या शब्दकोशातून आल्या नसत्या.

पहिली म्हणजे हे शब्द जागेशी लग्न लावून बसलेले आहेत. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, डोळ्यात खुपतं, काटा सलतो, पोटात मुरडा येतो, पोटऱ्या वळतात, पाठीत उसण भरते. पोट ठणकलं असं कुणी म्हणालं नाही. इंग्रजी विशेषण कोणत्याही अवयवाला लावता येतं, तसं इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. दुखण्याची छटा नुसत्या नामात नसते, त्याला जोडलेल्या क्रियापदात असते. कळ *येते*, *निघते*, *मारते*. चमक *भरते* आणि *निघते*. मुंग्या *येतात*. आग *होते*. ठणका *लागतो*. रग *लागते*. ‘निघते’ म्हटलं की दुखणं एका जागेहून सुटून दुसरीकडे धावतं. ‘भरते’ म्हटलं की येऊन मुक्काम करतं. ‘मारते’ म्हटलं की क्षणाचं. ज्याला डॉक्टर ‘अचानक येऊन पसरणारं’ किंवा ‘सतत राहणारं’ असं लांबलचक विचारतात, ते मराठी क्रियापद जाता जाता सांगून जातं. आणि आम्ही छापलं काय होतं? जवळजवळ प्रत्येक प्रश्नात ‘जाणवते काय’. सगळी क्रियापदं पुसून एकच ‘जाणवते’ ठेवलं होतं. म्हणजे काळाचं आणि गतीचं सगळं वर्णन फॉर्मनंच खोडून टाकलं होतं.

वचनाचीही गंमत नाही, नीट सांभाळायची गोष्ट आहे. ‘कळ येते का?’ हा एक प्रश्न आणि ‘कळा येतात का?’ हा अगदी वेगळा. माझ्या मसुद्यात एकदा चुकून अनेकवचन गेलं आणि सत्तरीच्या आजींनी पदर तोंडाला लावला : ‘आता या वयात कसल्या कळा, बाई!’ कळा बाळंतपणाच्या.

तिसरी गोष्ट ध्वनीची. ठसठस, चुरचुर, झिणझिण, भगभग हे दुहेरी घडणीचे शब्द ऐकूनच अंगाला कळतात. जपानीतही असंच आहे : जपानी माणूस डॉक्टरांना ठसठसणाऱ्या दुखण्यासाठी ‘झुकिझुकी’, कातडी चुरचुरत असेल तर ‘हिरीहिरी’, सुया टोचल्यासारखं असेल तर ‘चिकुचिकू’ म्हणतो. इंग्रजीत असे शब्द त्या मानानं थोडे, तिथे उपमा पुढे येतात : सुरीसारखं, सुईसारखं. आमच्या फॉर्ममध्ये त्या उपमा जशाच्या तशा उतरल्या होत्या. ‘सुरा भोसकल्यासारखी वेदना’ वाचून एका ताईंनी फॉर्म परत ठेवला होता.

निर्णयाचे चार प्रसंग

*‘बर्निंग’चं काय करायचं.* यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्या पर्यायाप्रमाणे ‘जळजळ’ लिहिलं असतं तर शिंपीकाका पुन्हा ‘नाही’च म्हणाले असते, याची मला खात्री आहे. कारण मराठीत जळजळ आतली, ओल्या जागेची : छातीत, घशात, डोळ्यांत, लघवीला. तळपायाची, तळहाताची होते ती आग. खरचटलेलं, पोळलेलं वरच्यावर चुरचुरतं. मिरची, मीठ, आयोडीन झोंबतं, म्हणजे बाहेरून काहीतरी लागलेलं असतं. भगभग होते तेव्हा उष्णता अंगभर फाकते. इंग्रजीला एक शब्द पुरतो, मराठीनं त्याच मुलखाचे पाच तालुके केले आहेत.

निवासी डॉक्टरांना ही फोड आधी जास्तीची वाटली. त्या तमिळ. त्यांच्याकडे ‘एरिच्चल’ हा एक शब्द पायांच्या आगीलाही चालतो आणि छातीतल्या जळजळीलाही. वैतागालाही तोच, आणि पोटातलं ‘एरिच्चल’ म्हणजे मत्सर. त्यांना इंग्रजी फॉर्ममध्ये कुठेच फट दिसली नव्हती, कारण त्यांच्या भाषेतही ती फट नव्हती. हे त्यांनीच मोकळेपणानं सांगितलं, आणि त्यानंतर चर्चा फार सुकर झाली.

फॉर्म नसेच्या दुखण्याचा होता, तेव्हा ठरलं : ‘दुखऱ्या जागी आग होते किंवा चुरचुरतं का?’ जळजळ काढली. छातीतल्या जळजळीनं आलेला माणूस इथे ‘होय’ म्हणाला असता, तर त्याचा गुण चुकीचा वाढला असता.

*थंडी आणि धक्का.* हे लवकर सुटलं. ‘थंडी’ म्हटलं की ताप येतो : थंडी वाजते. म्हणून ‘बर्फ लावल्यासारखं गार पडून दुखतं का?’ ‘धक्का’ मनाला बसतो, ‘झटका’ हार्टचा किंवा फिटचा येतो. दोन्ही शब्द रुग्णालयात धोक्याचे. ‘शॉक लागल्यासारखं होतं का?’ हे सगळ्यांना कळलं. हा इंग्रजी शब्द आता मराठी झालेला आहे. विजेच्या उघड्या वायरला हात लागला की प्रत्येक घरात तोच शब्द येतो.

*मुंग्या आणि झिणझिण्या.* हा निर्णय मला अजून पुरता पटलेला नाही. इंग्रजी फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न होते आणि प्रत्येकाला एक गुण. मराठीत दोन शब्द आहेत हे खरं, पण बाकावरच्या लोकांपैकी बऱ्याच जणांना दोन्ही एकच. काही जण फरक करत होते : पाय दुमडून बसल्यावर येतात त्या मुंग्या, कोपराला टेबलाची कड लागल्यावर येतात त्या झिणझिण्या. दोन प्रश्न ठेवावेत तर एकाच गोष्टीला दोन गुण मिळण्याची भीती. एक करावा तर प्रश्न अकरा होणार आणि गुणांची रेघ हलणार. प्रमुखांच्या अटीमुळे दोन ठेवले, पण दुसरा बदलून ‘सुया टोचल्यासारखं होतं का?’ केला. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की इथे गुणांचा हिशोब भाषेला वाकवत होता.

*‘मुंग्या’ छापायचं का?* ही खरी चकमक. प्रमुख स्वतः मराठी, भाषेवर प्रेम करणारे. ते म्हणाले, ‘बोलायला ठीक आहे, पण रुग्णालयाच्या कागदावर मुंग्या आणि ठणका? उद्या हे शोधनिबंधात जाईल.’ त्यांच्या मनात बोलीला हिणवायचं नव्हतं. छापील मराठीला एक आब असावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मी दुसऱ्या दिवशी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घेऊन गेले. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. कळ, ठणका, उसण हे शब्द त्यात अर्थांसह नोंदलेले आहेत. दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ छापलेले आणि लोकांच्या तोंडी असलेले शब्द आपण अशिष्ट मानले, आणि ‘स्पंदनात्मक वेदना’ ही कुठल्याच मराठी माणसाला न झालेली गोष्ट शिष्ट मानली. त्यांनी पानं चाळली, बराच वेळ. मग म्हणाले, ‘ठणका माझी आजी म्हणायची.’ आणि सही केली.

यात व्याकरणाचा एक पेच होता, तो इथे नोंदवते कारण कुणालाही तो येईल. ‘ठणकतं का?’ विचारलं तर अवयवाप्रमाणे रूप बदलतं : पाय ठणकतो, मांडी ठणकते, डोकं ठणकतं. एका फॉर्ममध्ये सगळी लिंगं कशी बसवणार? उत्तर त्या नाम-क्रियापदांच्या जोड्यांमध्येच होतं. ‘दुखऱ्या जागी ठणका लागतो का? आग होते का? मुंग्या येतात का?’ इथे क्रियापद दुखण्याच्या मागे जातं, अवयवाच्या नाही.

दहापैकी किती?

शेवटचा प्रश्न आम्ही जवळजवळ सोडूनच दिला होता, कारण त्यात आकडेच होते : ‘शून्य ते दहापैकी वेदना किती?’ आकड्याला कसली आलीय भाषा, असं मलाही वाटलं. नव्या फॉर्मच्या चाचणीच्या दिवशी त्या बदलापूरच्या शिक्षिकाबाईंनी, ज्यांना चालताना भिंत धरावी लागत होती, ‘दोन’ सांगितलं. मावशींनी पुन्हा विचारलं तेव्हा उलगडलं : दहापैकी दहा म्हणजे पैकीच्या पैकी, पास, उत्तम. त्यांना वाईट होतं, म्हणून दोन. आम्ही ओळ बदलली : ‘० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे सहन होत नाही इतकं दुखतं’, आणि आकड्यांखाली चेहरे काढले.

वयस्कर मंडळींची वेगळीच मोजपट्टी होती. ‘बारा आणे फरक आहे.’ ‘चार आणे राहिलंय.’ दशमान नाणी १९५७ साली आली, आणे व्यवहारातून गेले, पण बरं होण्याच्या मोजमापात अजून चालतात. हे फॉर्मवर छापलं नाही. विचारणाऱ्यांसाठीच्या सूचनांत लिहिलं, की रुग्ण आण्यांत बोलला तर त्याला दहाच्या पट्टीवर ओढू नका, तो म्हणाला तसं लिहा. बारा आणे फरक म्हणजे पाऊण बरं झालं, हे दहाच्या पट्टीवरच्या ‘अडीच’पेक्षा जास्त खरं सांगणं आहे.

निष्पत्ती

नवा फॉर्म तिन्ही दिवस वापरात आला. गुरुवारचा तो मुलगा आताही छापलेलं तेच वाचतो, आणि आता ते पुरतं. कोरे फॉर्म क्वचित येतात. निवासी डॉक्टर ‘आग होते?’ स्वतः विचारायला शिकल्या आहेत. या फॉर्मची शास्त्रीय पडताळणी, म्हणजे त्याचे गुण आणि तज्ज्ञांचं निदान जुळतं का हे पाहणं, अजून झालेली नाही. तोवर तो निदानाला मदत म्हणून वापरायचा, निदान म्हणून नाही, असं ठरलेलं आहे.

उलट भाषांतर आम्ही पुन्हा करून घेतलं. या वेळी ते मुळाशी जुळलं नाही. ‘आग’चं काय करायचं हे त्या भाषांतरकाराला सुचेना, त्यानं टीप जोडली. पहिल्या फेरीत सगळं जुळलं होतं ते नेमकं यासाठी, की ‘ज्वलनकारी’ हा शब्द इंग्रजीतूनच घडवलेला होता. परत जाताना त्याला वाट माहीत होती. मधे मराठी माणूस कुठे लागलाच नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

आधी परवानगी आणि चौकशी. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांचे हक्क असतात आणि काहींची भारतीय भाषांतली अधिकृत भाषांतरंही मिळतात. रुग्णालयानं स्वतःचा फॉर्म घडवण्यापूर्वी ती मागवून पाहायला हवी होती. ते कुणी केलं नाही, मीही उशिरा सुचवलं.

दुसरं, छापण्यापूर्वी पाच-सात रुग्णांपुढे बसून ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?’ एवढं विचारायचं. भाषांतराच्या मान्य पद्धतींत ही पायरी आहेच. पहिल्या फॉर्मच्या वेळी ती वेळ वाचवण्यासाठी गाळली गेली. ‘बधिरता’ पहिल्याच सकाळी उघडी पडली असती.

तिसरं, माझी वही मुंबईच्या एका बाकावरची आहे. वऱ्हाडातून टाटा-केईएमच्या परिसरात उपचारांसाठी येऊन राहिलेली माणसं त्यात फारशी आली नाहीत, ठाणे-पालघरचे आदिवासी तर जवळजवळ नाहीतच. त्यांचे शब्द वेगळे असणार. सहा सकाळींऐवजी महिनाभर बसायला हवं होतं.

चौथं मला सगळ्यात बोचतं. भाषांतर संस्थेला पैसे मिळाले, मला मिळाले. मावशी दोन वर्षं दर मंगळवारी-शनिवारी तोंडी भाषांतर करत होत्या, बैठकीत बसल्या, निम्मे प्रश्न त्यांच्या वाक्यांवरून बेतले गेले, आणि त्यांना त्याचं मानधन मिळालं नाही. फॉर्मच्या तळाशी ‘भाषासाहाय्य’ म्हणून त्यांचं नाव यावं असं पत्र मी दिलं आहे. पुढच्या छपाईला ते येईल असं प्रमुखांनी सांगितलंय.

एक शब्द आम्हाला बसवताच आला नाही. वहीत जवळजवळ प्रत्येकाचं बोलणं शेवटी तिथे येऊन थांबत होतं : ‘कसंतरीच होतं बघा.’ त्यात मळमळ असेल, घाबरं होणं असेल, अंगातलं त्राण जाणं असेल, किंवा यांतलं काहीच नसेल. डॉक्टरांनी विचारलं, ‘याला कुठल्या प्रश्नाखाली घालायचं?’ मावशी म्हणाल्या, ‘कशाखालीच नको. तसं म्हणालं माणूस की पुढे विचारायचं.’ म्हणून बाराव्या प्रश्नाखाली तीन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, वर लिहिलंय ‘तुमच्या शब्दांत सांगा’. शिंपीकाका गेल्या खेपेला आले तेव्हा त्या मुलानं त्यांच्यासाठी त्या भरल्या : ‘आग बारा आणे कमी. रात्री पाय भिंतीला लावावे लागत नाहीत. पण मशीनवर बसलं की पाय माझे नाहीत असं वाटतं, कसंतरीच होतं.’ डॉक्टरांनी शेवटच्या शब्दांखाली रेघ मारली आणि पुढे विचारायला सुरुवात केली.